शिक्का आपला, गल्ला त्यांचा
(विंचूर, ता. निफाड, जि. नाशिक इथं तरुण मित्रांपुढं केलेल्या भाषणाचा मजकूर)





विंचूर हे कांद्याचं गाव. इथल्या उपबाजारात कांद्याचा भाव चारचौघांत पुकारला जातो. भाव पडला की शेतकरी बोंब मारतो, लिलाव बंद पाडतो, रस्त्यावर बसतो. भाव उघड असतो, म्हणून त्याच्यावर भांडता येतं. मला आज ज्या मालाबद्दल बोलायचंय, त्याचा भाव कुणीच पुकारत नाही. तो माल म्हणजे डी. फार्म. झालेला आपला पोरगा. आपली पोरगी. त्यांचा भाव दुकानाच्या मागल्या खोलीत ठरतो, नाहीतर कंत्राटदाराच्या टेबलाखाली. विकला जाणारा माणूस एक शब्द बोलत नाही. घरी जाऊन आईला सांगतो, लागलो एकदाचा कामाला.

कसला लागला? तात्पुरता लागला. बदलीवर लागला. अकरा महिन्यांवर लागला. नाहीतर नुसतं नाव लागलं, माणूस घरीच.

या 'तात्पुरत्या'ची चिरफाड करायची म्हणून मी इथं उभा आहे. आपल्या वस्त्यांमधून फार्मसीला जाणारी पोरं वाढलीत. शिष्यवृत्ती आहे, फ्रीशिप आहे. बारावी सायन्स झालं, डॉक्टरकीला नंबर लागला नाही, तर बाप म्हणतो फार्मसी कर, निदान मेडिकल टाकशील. दोन वर्षं कॉलेज, वर पाचशे तासांचं ट्रेनिंग. आता नोंदणीआधी निर्गम परीक्षाही आहे. २०२२ साली तिचे नियम आले, २०२४ साली पहिली परीक्षा झाली. एवढं सगळं करून पोरगा बाहेर पडतो आणि बघतो, तर मेडिकल टाकायला भांडवल कुठाय? गाळ्याचं डिपॉझिट कुठाय? होलसेलवाला उधारीवर माल कुणाला देतो? ज्याच्या बापाचं, चुलत्याचं, मेव्हण्याचं आधीच दुकान आहे त्याला देतो. पिढ्यान्‌पिढ्या गल्ल्यावर बसलेल्यांच्या घरात भांडवल आहे, ओळख आहे, पत आहे. आपल्या घरात सर्टिफिकेट आहे. मग हे सर्टिफिकेट बाजारात जातं.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. १९४८ साली या देशात फार्मसी कायदा झाला. त्याचं ४२ वं कलम सांगतं की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय दुसऱ्यानं तयार करायचं नाही, द्यायचं नाही. डॉक्टरनं आपल्याच पेशंटला औषध दिलं तर तेवढी सूट. १९४५ च्या औषध नियमांमधला ६५ वा नियम म्हणतो, चिठ्ठीवरचं औषध फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच गेलं पाहिजे. म्हणजे प्रत्येक मेडिकलला फार्मासिस्ट पाहिजेच. दुकान सकाळी आठ ते रात्री अकरा उघडं ठेवायचं तर एकात भागत नाही, दोन पाहिजेत. त्यांच्या सुट्टीला, आजारपणाला तिसरा पाहिजे. मोजा तुम्हीच. नाशिकच्या एका रस्त्यावरची मेडिकलं मोजा आणि त्याला दोननं गुणा.

एवढी मागणी खुद्द कायद्यानं तयार करून ठेवलीय. अर्थशास्त्राचं पुस्तक म्हणतं, मागणी वाढली की भाव वाढतो. मग आपला का वाढत नाही?

कारण साधं आहे, भाऊ. बऱ्याच दुकानांना माणसाची गरजच वाटत नाही. त्यांना माणसाचा कागद पुरतो.

परवान्यावर पोराचं नाव लागतं. भिंतीवर काचेच्या चौकटीत त्याचं सर्टिफिकेट टांगलं जातं, बाजूला लक्ष्मीचा फोटो. महिन्याला ठरलेली रक्कम त्याच्या हातावर पडते. आणि काउंटरवर उभा असतो दहावी-बारावी झालेला दुसराच पोरगा, कुठल्या तरी वस्तीतला, त्याहून कमी पैशावर राबणारा. सगळी दुकानं अशी नाहीत. मालक स्वतः फार्मासिस्ट आहे, दिवसभर काउंटरवर उभा आहे, अशीही आहेत. पण या धंद्याची ही रीत कुणाला माहीत नाही असं इथं कुणी छातीवर हात ठेवून सांगावं.

यातली मेख ओळखा. शंभर पोरं आपला कागद भाड्यानं देतात तेव्हा एकशे एकावं पोरगं, जे खरोखर बारा तास उभं राहायला तयार आहे, त्याचा भाव पडतो. मालक त्याला म्हणतो कसा, "तुला एवढा पगार कशाला देऊ? घरबसल्या सर्टिफिकेट देणारे रांगेत उभेत." हे भाडं म्हणजे फुकटची कमाई वाटते. ती आपल्याच भावाच्या पगारातून कापलेली असते. आणि उद्या औषध निरीक्षक आला, नोंदी सापडल्या नाहीत, तर जबाबदार कोण? ज्याचं नाव भिंतीवर टांगलंय तो. १ मार्च २०१४ पासून एच-१ अनुसूचीतल्या औषधांची वेगळी वही ठेवावी लागते. डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, सगळं. वही तीन वर्षं जपायची. ती वही तुमच्या नावावर चालते आणि तुम्ही ती डोळ्यांनी पाहिलेली नसते. गल्ला त्यांचा, शिक्का आपला, आणि बेड्या आल्या तर त्याही आपल्याच.

दुसरी जात बदलीवाल्यांची. नेमका फार्मासिस्ट लग्नाला गेला, बाळंतपणाला गेली, परीक्षेला गेला, की फोन येतो, "चार दिवस ये रे." मुंबईच्या गिरण्यांमध्ये 'बदली कामगार' होता. सकाळी गेटवर उभं राहायचं. आत कुणी गैरहजर असेल तर पास मिळायचा, नसेल तर डबा घेऊन परत. आपल्या बापजाद्यांनी तो पास हातात धरलाय. गिरण्या गेल्या, बदली राहिली. फक्त गेटच्या जागी मोबाइल आला.

इंग्लंडात अशा बदली फार्मासिस्टला 'लोकम' म्हणतात. तिथं तो तासावर पैसे घेतो, दर आधी ठरवून घेतो. तिथले मालक काय संत आहेत? मुळीच नाहीत. तिथं २००९ पासून 'जबाबदार फार्मासिस्ट'चा नियम लागू आहे. फार्मसी चालायची तर एका फार्मासिस्टनं त्या वेळेची जबाबदारी नावानिशी घ्यावी लागते आणि दिवसात दोन तासांपेक्षा जास्त त्याला बाहेर राहता येत नाही. माणूस नाही तर धंदा नाही. म्हणून माणसाला भाव. तिथंही लोकमला पगारी रजा नाही, उद्याची हमी नाही. तात्पुरता तो तिथंही तात्पुरताच. पण त्याच्या मागं कायदा उभा आहे, म्हणून तो दुकानदाराच्या डोळ्याला डोळा भिडवून दर सांगतो. आपल्याकडं कायदा पुस्तकात झोपलाय आणि आपण दुकानदारापुढं खाली मान घालून उभे आहोत.

हा कायदा जागा होतो तेव्हा काय होतं तेही आपण पाहिलंय. २०१२-१३ साली महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते. फार्मासिस्ट हजर पाहिजे, बिल दिलंच पाहिजे, असा त्यांनी धरला आग्रह. दुकानांवर कारवाया झाल्या. लगेच दुकानदारांच्या संघटना उठल्या. बंद पुकारले. एक फार्मासिस्ट आठच तास काम करतो ना, मग आम्हीही आठच तास दुकान उघडू, असं म्हणाले. बघा मित्रांनो, न कळत खरं बोलून गेले! आठ तासांचा माणूस म्हणजे आठ तासांचंच काम. मग उरलेले सात तास दुकान इतकी वर्षं कोण चालवत होतं? दुसरा फार्मासिस्ट ठेवा, हे उत्तर समोर होतं. ते त्यांच्या तोंडून निघालं नाही. त्या भांडणात सरकार बोललं, दुकानदार बोलले, पेपरवाले बोलले. ज्याच्या हजेरीवरून भांडण होतं तो फार्मासिस्ट कुठं होता? त्याची संघटना कुठं होती?

चला, दुकान सोडा. दवाखान्यात या. सरकारी दवाखाना, आपल्या बापाचं राज्य, संविधानाचं राज्य!

औषध निर्माण अधिकारी हे सरकारी पद. सातव्या वेतन आयोगानं त्याला २९,२०० ते ९२,३०० ही श्रेणी दिली. मूळ पगार २९,२००, वर महागाई भत्ता, घरभाडं. आणि त्याच औषध खिडकीवर राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा कंत्राटी फार्मासिस्ट बसतो, त्याला कित्येक जाहिरातींमध्ये महिन्याला १७,००० एकत्रित मानधन. पगार नव्हे, मानधन! मान कुठला आणि धन कुठलं? दोघं एकाच रॅकमधून गोळ्या काढतात. एकाच रांगेला तोंड देतात. साठ्याची तीच नोंद, मुदत संपलेल्या औषधाची तीच जबाबदारी. मूळ पगारातच फरक १२,२०० रुपयांचा, भत्ते वेगळेच. अकरा महिने झाले की आदेश संपतो. एक-दोन दिवसांचा खंड, मग नवा आदेश. त्या खंडात माणूस मरत नाही, त्याची सेवा मरते.

हे अभियान सुरू झालं २००५ साली. वीस वर्षं उलटली. वीस वर्षं जे चालतं ते तात्पुरतं कसं? रोग कायमचे, रांग कायमची, गरज कायमची. तात्पुरता फक्त माणूस.

कोविडमध्ये २०२० आणि २०२१ साली महिन्या-तीन महिन्यांच्या आदेशांवर पोरं घेतली. घरचे लोक दार लावून बसले होते तेव्हा ही पोरं कोविड सेंटरवर औषधं वाटत होती. थाळ्या वाजवल्या, दिवे लावले. लाट ओसरली, आदेश ओसरले.

आता मुद्द्याच्या गाभ्याला हात घालतो. कायम पदाला बिंदुनामावली असते. त्या नामावलीत आपला बिंदू असतो. तो बिंदू बाबासाहेबांच्या संविधानानं दिलाय, कुण्या पुढाऱ्यानं दिलेला नाही. पद कायम राहिलं तर बिंदू राहतो. पद भरलं नाही आणि काम बाहेरच्या एजन्सीला दिलं, तर एजन्सीला कुठला बिंदू? ती पाहिजे त्याला घेते, पाहिजे तेव्हा काढते. ६ सप्टेंबर २०२३ ला महाराष्ट्र शासनानं नऊ एजन्सींमार्फत मनुष्यबळ घ्यायचा निर्णय काढला. रान उठलं. तरुण रस्त्यावर आले. २० ऑक्टोबर २०२३ ला उपमुख्यमंत्र्यांना तो रद्द केल्याचं जाहीर करावं लागलं. त्याच साली जिल्हा परिषदांच्या भरतीत आपल्या पोरांनी एकेका अर्जाला ९०० रुपये मोजले, खुल्या वर्गाला १,०००. दोन जिल्ह्यांत नशीब आजमावायचं तर दोनदा मोजा. कायम नोकरीच्या दाराशी तिकीट लावलं आणि कंत्राटाचं दार सताड उघडं ठेवलं. आरक्षण रद्द केलं असं म्हणायची हिंमत कुणात नाही. आरक्षण ज्यावर बसतं ते पदच रद्द करायचं, ही नवी मनुस्मृती आहे. तिला शाईसुद्धा लागत नाही.

आणि कुणी म्हणेल, तात्पुरत्या कामाला कसलं आलंय आरक्षण? त्याच्या तोंडावर हे फेका : केंद्र सरकारच्याच सूचना आहेत की ४५ दिवस किंवा त्याहून जास्त चालणाऱ्या तात्पुरत्या नेमणुकीत अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीयांना आरक्षण द्यायचं. मूळ सूचना १९६८ च्या. २१ नोव्हेंबर २०२२ ला केंद्रानं त्या पुन्हा काढल्या, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तसं सांगितलंही. पंचेचाळीस दिवस! आपली पोरं अकरा-अकरा महिने राबतात. जी गोष्ट केंद्राला कबूल आहे ती राज्यात प्रत्येक एजन्सीला, प्रत्येक महापालिकेला, प्रत्येक सरकारी दवाखान्याला लागू करा. ही भीक नव्हे. हिशोब आहे.

मित्रांनो, हे सगळं आपल्याला नवं नाही. महारवतन आठवा. चोवीस तास सरकारचं काम : टपाल न्या, दवंडी द्या, साहेबाचं सामान वाहा, मेल्याची खबर पोचवा. पगार सरकारनं द्यायचा नावापुरता आणि पोटाची भाकरी गावाकडं मागायची. कामाला माणूस सरकारचा, पोटाला गावाचा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात यावर बिल आणलं. ती वतनं मोडायचा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. आज कंत्राटी फार्मासिस्ट कामाला सरकारचा आहे, पगाराला एजन्सीचा. हक्क मागायला सरकारकडं गेला तर सरकार म्हणतं तू आमचा नाहीस. एजन्सीकडं गेला तर ती म्हणते सरकारनं पैसे सोडले नाहीत. वतन मेलं म्हणता? त्यानं पांढरा कोट घातलाय.

इथून जवळच मनमाड आहे. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला तिथं रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली आणि बाबासाहेब बोलले. आपल्या कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांनी तिथं ठणकावून सांगितलं. आपला माणूस रेल्वेत वर्षानुवर्षं गँगमनच का राहतो, कापड गिरणीच्या विणकाम खात्यात त्याला का शिरू देत नाहीत, हे त्यांनी एकेक करून मांडलं. कामगार चळवळीला जात दिसत नव्हती, ती त्यांनी दाखवली. आज फार्मसीत तेच विचारायचं. गल्ल्यावर कोण, काउंटरवर कोण? कायम पदावर कोण, कंत्राटावर कोण? आणि दवाखान्याचा संडास कुणाच्या हातात? प्रश्न विचारला की लोक म्हणतात, इथं कसली जात काढता! जात आम्ही काढत नाही. ती तुमच्या हजेरीपटात बसलीय.

कोर्टाचा रस्ताही माहीत असू द्या, पण त्याच्या आशेवर झोपू नका. २००६ साली उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, तात्पुरत्याला कायम होण्याचा हक्क नाही. सरकारांनी तो निकाल ढाल म्हणून वापरला. पण २६ ऑक्टोबर २०१६ ला जगजित सिंग खटल्यात तेच न्यायालय म्हणालं, काम सारखं असेल तर तात्पुरत्यालाही त्या पदाच्या श्रेणीतलं किमान वेतन द्या. मग १७,००० कुठल्या हिशोबात बसतात? आणि २० डिसेंबर २०२४ चा निकाल ऐका. केंद्रीय जल आयोगाच्या फरीदाबादच्या कार्यालयात झाडलोट करणाऱ्या बाया वर्षानुवर्षं तात्पुरत्या राबल्या आणि २०१८ ला काढून टाकल्या गेल्या. त्या लढल्या. न्यायालयानं त्यांना कामावर परत घेऊन कायम करायला सांगितलं. झाडूवाल्या बाया जिंकल्या, आणि आपण डिप्लोमा घेतलेले लोक सहीचा कागद मागायला लाजतो!

रस्त्यावरची लढाईही चालू आहे. दहा वर्षं सेवा झालेल्या आरोग्य अभियानाच्या कर्मचाऱ्यांना सामावून घ्यायचा निर्णय शासनानं १४ मार्च २०२४ ला काढला. अंमलबजावणी होईना, तेव्हा १९ ऑगस्ट २०२५ पासून राज्यभरच्या कंत्राटी कर्मचाऱ्यांनी काम बंद केलं. नर्स, तंत्रज्ञ, फार्मासिस्ट, सगळे एका मांडवात. तो मांडव आपला आहे. पण मेडिकलमधला फार्मासिस्ट त्या मांडवात नव्हता. त्याला तर आपण कामगार आहोत हेच पटलेलं नाही. तो स्वतःला उद्याचा दुकानदार समजतो.

शेवटी पेशंटबद्दल बोलतो, कारण ही लढाई फक्त पगाराची असती तर मी एवढा घसा कोरडा केला नसता. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलनं चौदा माणसं गेली. डायएथिलीन ग्लायकॉल नावाचं विष होतं त्यात. लेंटिन आयोग बसला, औषध खात्याची लक्तरं वेशीवर टांगली गेली. आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशात छिंदवाड्याची लेकरं खोकल्याच्या औषधानं मेली. तेच विष. चाळीस वर्षांनी तेच विष! कारखान्यातलं विष काउंटरवरचा फार्मासिस्ट नुसत्या डोळ्यांनी ओळखू शकत नाही, हे खरं. पण बॅच नंबर लिहून ठेवणं, मागं बोलावलेली बॅच त्याच दिवशी रॅकवरून काढणं, हे औषध ज्या ज्या घरी गेलं तिथं निरोप धाडणं, तान्ह्याला हे देऊ नका असं आईला सांगणं, हे त्याचंच काम. तो काउंटरवर नसेल, नुसतं त्याचं नाव भिंतीवर असेल, तर हे कोण करणार? आणि चिठ्ठीशिवाय, बिलाशिवाय, "भाऊ, पोराला खोकला झालाय, काहीतरी दे" म्हणत काउंटरवर येतं कोण? आपली आई येते. कांदा खुडून आलेली, डॉक्टरची फी वाचवणारी आपली आई. भाड्यानं दिलेला कागद शेवटी आपल्याच घरात विष पोचवतो.

म्हणून काय करायचं ते सरळ सांगतो.

एक : सर्टिफिकेट भाड्यानं द्यायचं नाही. दिलं असेल तर परवान्यावरून नाव काढल्याचं अन्न व औषध प्रशासनाला लेखी कळवायचं, पोच घ्यायची. घरी चूल अडलेली असते, मला माहीत आहे. म्हणून हे एकट्यानं करायचं नाही. दहा जणांनी मिळून एका दिवशी करायचं.

दोन : नेमणुकीचा कागद घेतल्याशिवाय काउंटरवर उभं राहायचं नाही. तास किती, पैसे किती, सुट्टी कोणती, लेखी. पगार बँकेत. बदलीचा एक दिवस असला तरी त्याची तारीख आणि वेळ आपल्या वहीत.

तीन : तालुक्यातल्या बदलीवाल्यांनी बसून दिवसाचा एक दर ठरवायचा. निफाड, येवला, चांदवडमध्ये त्याखाली कुणी जायचं नाही. कांद्याचा भाव पुकारला जातो, आपलाही पुकारा.

चार : कंत्राटी फार्मासिस्टांनी माहितीचा अधिकार वापरायचा. जिल्ह्यात औषध निर्माण अधिकाऱ्याची मंजूर पदं किती, रिकामी किती, त्यातली राखीव किती, कंत्राटावर किती. चार आकडे. ते हातात आले की भाषणाची गरज उरत नाही.

पाच : काउंटरवरच्या बिनडिप्लोमावाल्या पोराला शत्रू समजायचं नाही. त्यालाही लुटलंय. त्याला शिकायला लावा आणि संघटनेत घ्या. कंत्राटी नर्स आणि सफाईवाल्या बायांच्या सभेला जा. त्यांच्या मागण्या आपल्या पत्रकात छापा. पांढऱ्या कोटाची घमेंड घरी ठेवा.

याच सडकेनं पुढं गेलं की येवला लागतं. १३ ऑक्टोबर १९३५ ला तिथं एका माणसानं जाहीर केलं की जन्मानं मिळालेल्या धर्मात मी मरणार नाही. जे जन्मानं गळ्यात पडलं ते फेकून देता येतं, तर अकरा महिन्यांचा कागद काय चीज आहे?

पुढच्या रविवारी आपापली नेमणूकपत्रं घेऊन या. ज्याच्याकडं नाही त्यानं रिकाम्या हातानं यावं. सुरुवात त्याच्यापासून करू.

जय भीम!